स्पीडबोटीतून समुद्रात फेकलो गेलो. बुडालो नाही, पण मणका मोडला

रावपुरा_रिटर्न

तीन आठवडे आडवा आहे. टेलर ब्रेस (पाठीला आधार देणारा पट्टा) लावून बसायची परवानगी फक्त जेवणापुरती. फोन तोंडासमोर धरून एका अंगठ्याने टाइप करतोय, तेव्हा शुद्धलेखनाचं सांभाळून घ्या.

मे महिन्याचा दुसरा आठवडा. बडोद्यात घराबाहेर पडवत नव्हतं, शाळेला सुट्टी, म्हणून मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि माझे साडू असे कोकणात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. जी तक्रार करायची ती करून झाली आहे, इथे कोणाची अब्रू काढायची नाही. चौथ्या दिवशी दुपारी साडेतीनला स्पीडबोटीत बसलो. "डॉल्फिन दाखवतो, वीस मिनिटं." आमच्याच लॉजवरचे पुण्याचे लोक सकाळी सातला जाऊन आले होते, त्यांना समुद्र परातीतल्या पाण्यासारखा मिळाला. आम्ही आमरस-पुरी हाणून, झोप काढून मग गेलो. बडोदेकर सुट्टीत सातला उठला तर त्याचं सार्वजनिक सत्कार करायला हवा.

जॅकेटं मिळाली. नारिंगी, पुढे दोन बकलं, आणि पायांमधून घ्यायचा एक पट्टा, जो सगळ्यांच्याच मागे शेपटीसारखा लोंबत होता. मुलीचं जॅकेट ढगळ. साडूंनी तिला खांद्यापाशी जॅकेट धरून वर उचललं, तर ते तिच्या कानांपर्यंत सरकलं. साडू रेल्वेत आहेत, कुलूप लावलं तरी दोनदा ओढून बघतात. त्यांनी तो शेपटीचा पट्टा तिच्या पायांतून घेऊन आवळला, उरलेल्या टोकाची गाठ मारली. मी म्हणालो, "अहो राहू द्या, वीस मिनिटांचा तर खेळ." आता झोप येत नाही तेव्हा हे वाक्य ऐकत पडतो.

मी स्वतः बसलो नाळेवरच्या गादीवर. सगळ्यात पुढे. तिथून व्हिडिओ चांगला येतो.

खाडीच्या तोंडाशी पाणी निराळंच दिसत होतं. रांगेने येणाऱ्या लाटा नव्हत्या, भाताला उकळी फुटावी तसं जागच्या जागी उसळत होतं. पहिल्या लाटेवरून उडालो तेव्हा मुलगी ओरडली, "अजून!" दुसऱ्या लाटेवर बोट वर गेली आणि लाट खालून निघून गेली. आजव्याच्या जत्रेत पाळणा वरून खाली येताना पोटात होतं तसं झालं. मग बोट पडली. कमरेच्या जरा वर 'कट' असा आवाज झाला. तो कानाने ऐकला नाही, आतून आला. श्वास अडकला तो सुटेना. एवढ्यात तिसरी लाट बाजूने लागली आणि मी, मुलगी आणि बोट चालवणारा पोरगा, तिघं बाहेर.

बोट मात्र चालूच. बायको आणि साडू तिच्यात, सुकाणूवर कोणी नाही, आणि ती गोल गोल फिरतेय. दुसऱ्या फेरीत आमच्यापासून फार तर दहा हातांवरून गेली. मी पाण्यात उताणा, पाय हलवायची भीती वाटत होती. मुलगी माझ्यापासून थोडी लांब, तोंड वर, जॅकेट हनुवटीखाली घट्ट. ती जॅकेटची शिट्टी वाजवत होती. रडत नव्हती, नुसती शिट्टी. आमच्या दोघांच्या मधून घरून नेलेल्या लीलो चिवड्याचं पाकीट फुगून तरंगत गेलं. माणसाचं डोकं कसं चालतं बघा, मला वाटलं, अजून फोडलंसुद्धा नव्हतं.

मासेमारीची एक होडी परत येत होती, त्यांनी पंधरा-वीस मिनिटांनी उचललं. काठावर चार जणांनी धरून उभं केलं, चालवलं, रिक्षात बसवलं. तिथल्या दवाखान्यात "मुका मार आहे, शेक घ्या" असं ऐकलं. बडोद्याला आल्यावर सीटी स्कॅन झाला: कमरेचा पहिला मणका, एल-वन, पुढून चेपलेला.

विचारायचं हे की कशावरही न आपटता मणका मोडतो का? सगळे विचारतात, "पण तू पडलास कुठे?" मी पडलो पाण्यात, पण मोडलो बोटीत. आणि दुसरं, मुलगी इथल्या, बडोद्याच्या लालबागच्या पोहण्याच्या तलावावर जायचं म्हणतेय, बायको नको म्हणतेय. तुम्ही काय केलं असतं?

चहाटळ

बापरे. वाचताना हात गार पडले. लवकर बरे व्हा.

(चिवड्याबद्दल मनापासून सहानुभूती.)

उगाच_शंका

राग मानू नका, पण पाणी ते पाणीच. गादीवर बसलेल्या माणसाचा मणका नुसत्या उडण्याने मोडेल हे पटत नाही. आधीच हाडं ठिसूळ असतील. व्हिटॅमिन डी बघितलंत का?

मणके_आणि_सांधे

@उगाच_शंका, पटत नसलं तरी मोडतो. धट्ट्याकट्ट्या तिशीतल्या माणसाचाही मोडतो. वेगात चालणाऱ्या लहान बोटींच्या पुढच्या भागात बसलेल्यांची ही ठरलेली दुखापत आहे.

असं बघा. बरगड्यांना जोडलेला पाठीचा वरचा भाग ताठ असतो, कंबर लवचिक. दोन्हींचा सांधा जिथे येतो ते मणके म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला. माणूस बसलेला असतो, म्हणजे गुडघे धक्का शोषायच्या कामाचे नाहीत. हातात फोन, म्हणून जरा पुढे वाकलेला. बोट लाटेवरून सुटली की माणूसही गादीवरून वर उचलला जातो. मग बोट आधी पडते, पुढच्या लाटेने परत वर येते, आणि माणूस अजून खालीच येत असतो. दोघांची गाठ पडते ती अशी. सगळा धक्का बैठकीतून सरळ वर, आणि वाकलेल्या मणक्याची पुढची कड चेपते. एक्स-रेत तो पाचरीसारखा दिसतो. गादी चार इंचांची असली तरी ती आधीच दबून गेलेली असते.

धागाकर्ते, काठावर तुम्हाला चालवलं ते वाचून मला धडकी भरली. नशिबाने मज्जारज्जू वाचला. पाण्यातून काढलेला माणूस पाठ किंवा मान दुखते म्हणाला तर त्याला उभं करायचं नाही, बसवायचं नाही. फळीवर, दार मिळालं तर दारावर, आडवा. कूस वळवायची तर डोकं, खांदे, कंबर एकदम, ओंडका लोटतात तसं. पाय बधिर, बसायच्या जागी मुंग्या, लघवी होत नाही, यातलं काहीही असेल तर तासांचा प्रश्न असतो, दिवसांचा नाही. पाण्यात डोळ्यांपुढे अंधारलं असेल, नाकातोंडात पाणी गेलं असेल, त्यानंतर खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, तर मुलांना घरी नेऊ नका, दवाखान्यात काही तास देखरेखीखाली ठेवा.

ब्रेस सांगितलाय तेवढे दिवस लावा. उकडतं म्हणून काढू नका. सगळे काढतात.

रावपुरा_रिटर्न

डॉक्टर, काल रात्रीच काढला होता. परत लावला.

खाडीकाठ

मूळ देवगडचा, वीस वर्षं मकरपुऱ्यात नोकरी. वडील तांडेल (होडीचे कप्तान) होते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

भाताच्या उकळीचं तुम्ही जे लिहिलंत ना, तिथेच सगळी गोष्ट आहे. साडेतीनला ओहोटी लागलेली असणार. खाडीतलं पाणी जोराने बाहेर पडत होतं. मे महिन्यात दुपारी वायव्येचा वारा चढतो, तो लाटा आत लोटतो. दोन्ही समोरासमोर आली की लाटेची लांबी आखडते आणि ती उभी राहते, भिंतीसारखी. त्यात खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा, पाणी उथळ, म्हणजे लाट फुटणारच. तीच जागा सकाळी भरतीला, वारा पडलेला असताना, तुमच्या पुणेकरांना परात वाटली. जागा बदलली नाही, वेळ बदलली. आमच्याकडे मासेमारीला जाणारा माणूस ओहोटीला त्या तोंडातून बाहेर पडायचं तर थांबतो, तीन-चार लाटा मोजतो, मग हळू निघतो.

नाळेवर का बसू नये तेही ऐका. होडी लाटेवर डुलते ती मधल्या-मागच्या भागावर, सी-सॉसारखी. टोकाला बसलेला सगळ्यात उंच जातो, सगळ्यात जोरात खाली येतो. इंजिनजवळ बसलात तर कपडे भिजतील, धूर खावा लागेल, पण पाठ शाबूत राहील. पाय तळाला टेकलेले, दोन्ही हातांनी दांडी धरलेली, फोन खिशात.

आणि ती गोल फिरणारी बोट. इंजिनच्या स्विचला एक लाल पिळाची दोरी असते, तिचं दुसरं टोक चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा मांडीला अडकवायचं. तो फेकला गेला की दोरी उपटली जाते, इंजिन बंद. ती न लावता चालवलं आणि सुकाणू सुटलं, की पंख्याच्या जोराने इंजिन एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरत जिथे माणसं पडली तिथेच परत येते. मे २०१३ मध्ये इंग्लंडात पॅडस्टोजवळ एक अख्खं कुटुंब असंच पाण्यात फेकलं गेलं होतं. सहा जण. बोट फिरून त्यांच्यावरच आली. बाप आणि आठ वर्षांची मुलगी गेली. दोरी लावलेली नव्हती. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटींवर ही दोरी लावणं कायद्याने बंधनकारक केलं. आपल्याकडे ती बहुतेक वेळा सुकाणूला गुंडाळून ठेवलेली दिसते, गाडीच्या आरशाला लिंबू-मिरची असते तशी.

तुमची बोट थांबवली कोणी?

रावपुरा_रिटर्न

साडूंनी. आयुष्यात बोट चालवली नाही. सुकाणूला गुंडाळलेली ती दोरी त्यांना दिसली आणि त्यांनी हिसडा मारून ओढली. नंतर विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर म्हणाले, "लाल काहीतरी लोंबत होतं. गाडीत लाल साखळी कशाला असते?"

चहाटळ

विनाकारण ओढल्यास दंड. 😄 साडूंना साष्टांग.

जुना_जाणता

साडू निमित्तमात्र. आपल्या घरात गरुडेश्वरची, नारेश्वरची वारी असणार. वाडवडिलांची पुण्याई उभी राहते अशा वेळी. नर्मदामैया ज्याला राखते त्याला समुद्रही काही करत नाही.

हरणी_रोड

काका, तुमच्या श्रद्धेला हात लावत नाही. पण मी ज्या रस्त्यावर राहते तिथे असं बोलवत नाही. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्यातल्या हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. समुद्र नव्हता, लाटा नव्हत्या, वेग नव्हता. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात जॅकेटं नव्हती. त्या चौदा घरांत पुण्याई कमी होती का? त्याआधी १९९३ मध्ये सूरसागर तलावात बोट उलटून २२ माणसं गेली, ती ऐन गावाच्या मध्यावर. माझ्या आईला अजून आठवतं, न्यायमंदिराकडून माणसं नुसती धावत येत होती.

त्या जानेवारीनंतर आमच्या सोसायटीतल्या कित्येक आयांनी मुलांना पाण्याजवळच नेणं बंद केलं. मीही केलं. ते बरोबर केलं असं मात्र आता वाटत नाही. माझा मुलगा आता तेरा वर्षांचा आहे आणि त्याला पाण्यावर उताणं पडून राहतासुद्धा येत नाही.

जुना_जाणता

ताई, माझं चुकलं. तसं म्हणायचं नव्हतं.

वेगवेडा

वेगाचा विषय निघालाय म्हणून एक. वेगाचे विक्रम करणारे डोनाल्ड कॅम्पबेल, इंग्लंडच्या कॉनिस्टन तळ्यावर, ४ जानेवारी १९६७. ताशी ४८० किलोमीटरच्या वर गेलेली बोट नाक वर करून हवेत उलटली. तळं आरशासारखं होतं. पण पहिल्या फेरीत स्वतःच्याच बोटीने उठवलेल्या लाटा निवायच्या आत ते परत फिरले, असं बरेच जण मानतात. त्यांचा मृतदेह थेट २००१ मध्ये सापडला. म्हणजे खवळलेलं पाणी समुद्रच देतो असं नाही, शेजारून गेलेल्या बोटीची लाटही पुरते.

उगाच_शंका

डॉक्टरांचं वाचलं, शंका मागे. पण दुसरी आहे. आम्हाला शाळेत शिकवलं होतं की बोट उलटली तर तिला धरून राहा, सोडू नका. इथे खाडीकाठ म्हणतात बोट परत अंगावर येते. मग धरायची की पळायचं?

खाडीकाठ

उलटून इंजिन बंद पडलेली बोट धरायची. ती माणसापेक्षा लांबून दिसते, शोधणाऱ्याला आधी तीच सापडते. चालू इंजिनाची बोट असेल तर तिच्या वर्तुळाच्या बाहेर सरकायचं, शक्य तितकं. आणि काठ जवळ दिसला तरी ओहोटीत काठाकडे पोहत सुटायचं नाही, दमून जाल आणि असाल तिथून समुद्रात आणखी आतच जाल. लाटांकडे पाठ करायची, म्हणजे पाणी तोंडावर फुटत नाही. जॅकेट दोन्ही हातांनी छातीशी धरायचं. दोघं-तिघं असाल तर एकमेकांना धरून, मूल मध्ये. शिट्टी. ओरडण्याने दम जातो, आणि वाऱ्यात ओरडणं ऐकू जात नाही, शिट्टी जाते. त्या पोरीने एकटीने सगळं बरोबर केलं.

काठावर जो कोणी असेल त्याने १५५४ लावायचा, तटरक्षक दलाचा. ११२ तर आहेच.

दादर_ते_बडोदे

१८ डिसेंबर २०२४ आठवला. गेटवेहून घारापुरीला निघालेली नीलकमल ही प्रवासी बोट. इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट येऊन आदळली. १५ जीव गेले. मी त्याआधी दोन महिन्यांपूर्वी त्याच फेरीने गेलो होतो, जॅकेटं बाकाखाली रचलेली होती आणि आम्ही त्यावर पाय ठेवून बसलो होतो. असो.

रावपुरा_रिटर्न

नमस्कार. मी यांची बायको. फोन माझ्या हातात आहे, हे झोपलेत. गेले दोन दिवस हे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवतायत, म्हणून मी अर्धवट राहिलेलं लिहिते.

पहिल्या लाटेनंतर मी त्या मुलाला म्हणाले होते, "दादा, हळू." त्याने वेग कमी केलाही होता. इंजिनाचा आवाज बदललेला मला आठवतो. मग त्याने यांच्याकडे बघितलं, कारण पैसे यांनी दिले होते. आणि यांनी मागे न वळता हात वर करून अंगठा दाखवला, म्हणजे जाऊ दे जोरात.

हे यांनी मुद्दाम लपवलं असं मी म्हणत नाही. यांना आठवतच नसेल. पण मी मागे बसले होते, मला तो अंगठा दिसला. बोट फिरत होती तेव्हा मी दोन सीटांच्या मध्ये पालथी पडले होते, कानात इंजिन, आणि कठड्यावरून एकदा मुलीचं नारिंगी जॅकेट दिसायचं, एकदा आभाळ. किती वेळ ते सांगता येत नाही. भाऊजींनी दोरी ओढली आणि एकदम शांत झालं, तेव्हा तिची शिट्टी ऐकू आली. त्याआधी मला वाटत होतं ती गेली.

तो मुलगा एकोणीस वर्षांचा होता. होडीत बसल्यावर तो थरथरत होता आणि सारखं एकच म्हणत होता, "साहेबांनी सांगितलं, साहेबांनी सांगितलं." मला त्याचा संताप आला होता. आता तेवढा येत नाही.

पोहण्याचं मी नको म्हटलं, कारण मला भीती वाटते. दुसरं कारण नाही.

हरणी_रोड

वहिनी, मी तुमच्या जागी असते तर मलाही वाटली असती. एक करूया का? माझा मुलगा, तुमची मुलगी, सकाळची बॅच. आपण दोघी काठावर बसू. घाबरायचंच असेल तर सोबतीने घाबरू.

मणके_आणि_सांधे

मुलीला तपासलं का कोणी? तीही त्याच बोटीत होती. मुलांची हाडं लवचिक असतात, पण पाठ दुखते का एवढं नक्की विचारा.

रावपुरा_रिटर्न

आता मीच. बायकोने लिहिलेलं सकाळी वाचलं. व्हिडिओ फोनबरोबर समुद्रात गेला, म्हणून पुरावा काही नाही. पण वाचल्यावर हात आठवला. उजवा. अंगठा वर. इतके दिवस मी त्या पोराला मनात शिव्या देत होतो आणि तक्रारीतही लिहिलं की वेग त्याने वाढवला. दोरी लावली नाही ही चूक त्याचीच, आणि त्याला ती लावायला न शिकवणाऱ्या मालकाची. पण वेग माझा. काल पोलीस ठाण्यात फोन करून जबाबात भर घालायची आहे म्हणून सांगितलं. ते म्हणाले, बरे झालात की या. तिथवर नऊशे किलोमीटर बसून जायला डॉक्टर कधी देतील ते बघायचं.

डॉक्टर, मुलीचा एक्स-रे काढला. काही नाही. पायातल्या पट्ट्याने मांडीला काळानिळा वळ उठला होता, तो दहा दिवस होता.

उगाच_शंका

ही शेवटची. दिवाळीत दीवला जायचं आहे, धाकटा सात वर्षांचा. मोठ्यांचं जॅकेट घट्ट आवळून चालतं का, की मुलांचंच लागतं?

खाडीकाठ

मुलांचंच. त्यावर किलो लिहिलेले असतात, वजन बघून घ्या. बकलं लावा, पायातला पट्टा बांधा, मग खांद्यापाशी धरून वर उचला. हनुवटी आत गेली तर ते जॅकेट त्याचं नाही. शिट्टी आहे का बघा, आणि वाजवून बघा, पुष्कळ ठिकाणी नुसती दोरी असते. मापाचं नसेल तर बोटीत बसू नका, भजी खा.

रावपुरा_रिटर्न

साडूंना घेऊन जा. येण्याजाण्याचं भाडं आणि दोन वेळचं जेवण. रेल्वेचा पास आहे, भाडंही लागणार नाही.